सरासरी बावीस

अर्धं जग ज्या उच्चदाबाला आमच्या बेटांचं नाव देतं
तो त्या आठवड्यात घरी नव्हता.
दक्षिणेला, मदेइरापलीकडे कुठेतरी पसरला होता
आणि त्याच्या रिकाम्या जागेतून
पश्चिमेचे वारे सांता मारियाच्या तांबड्या मातीवर
येऊन आदळत होते.

आर्पाद सोमवारी आला.
एकच इंजिन. मागच्या सीट काढून बसवलेल्या दोन टाक्या.
क्वेबेकच्या कुणा दंतवैद्यानं विकत घेतलेलं विमान
नेऊन पोचवायचं, बस.
काउंटरवर कोपर टेकून म्हणाला,
सेन्योरा रेझेंदिश, सेंट जॉन्सपर्यंत किती?

समोरून चाळीस नॉट, मी म्हणाले.
त्यानं पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला.
तेराशे सत्तर सागरी मैल, ताशी शंभर.
इंधन चौदा तासांचं.
उरतात अठरा मिनिटं.
अठरा मिनिटांत माणूस एक अंडं उकडून, सोलून,
मीठ लावून खाऊ शकतो.

मंगळवारी त्रेचाळीस.
बुधवारी एकोणचाळीस, आणि सहा हजार फुटांवर बर्फ.
खानावळीच्या इल्दाबाईंनी त्याचे मोजे धुतले,
ते वाळायला लागले ताठ आडवे,
पूर्वेकडे बोट दाखवत.
गावात लोक मला विचारू लागले, तुझा पाहुणा कधी जाणार?
जणू वारा घरचं पीठ आहे
आणि मीच तो डब्यात दाबून ठेवलाय.

माझे वडील मासे धरायचे. कधी आकडा बोलले नाहीत.
पीकु आल्तुवर ढगाची टोपी बसली
की होडी वर ओढायची, एवढंच.
चुकले, तर ती चूक त्यांच्यासोबत होडीतच असायची.
माझी चूक इथे टेबलाशी कॉफी पीत बसते
आणि तिच्यावर विसंबून
दुसराच कुणी समुद्रावर जातो.

त्या रात्री टेलीप्रिंटर खडखडला.
न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला एका मालवाहू जहाजानं
हवेचा दाब कळवला होता, माझ्या नकाशाहून
दोन मिलिबार जास्त.
दोनच.
मी समदाब रेषा खोडली, थोडी उत्तरेला सरकवली,
पुन्हा खोडली.
कागद तिथे इतका विरला की दिव्यासमोर धरल्यावर
भर अटलांटिकात एक उजेडाचा ठिपका दिसायचा.

गुरुवारी पहाटे लिहिलं: सरासरी बावीस.
त्याआधी तेवीस होतं. त्याआधी सव्वीस.
हे कुणाला सांगायचं नसतं.
आम्ही त्याला अंदाज म्हणतो,
न आवडणारे लोक अंदाजपंचे म्हणतात,
आणि खरं सांगायचं तर पहाटे चारला
मलाही नेहमी फरक कळतोच असं नाही.

तुम्ही गेला असता? त्यानं कागद घडी करता करता विचारलं.
मी अजून लिस्बनलासुद्धा बोटीनं जाते, म्हणाले.
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

सहाला उडाला.
आठव्या तासानंतर मागे फिरायलाही इंधन पुरत नाही.
दुपारी दोनला मी घरी मुलाचे केस कापत होते.
एक बाजू आखूड झाली.
दुसरी तिच्यासारखी करायला गेले,
मग पहिली पुन्हा.

साडेपाचला निरोप आला:
पोचलो. सतराच निघाला.
तुमचे पाच नॉट माझ्याकडे जमा.

मी वहीत नोंदवलं. अंदाज बावीस, प्रत्यक्ष सतरा, चूक पाच.
चुकीच्या रकान्यात
सुखाची आणि दुःखाची अशी वेगळी जागा नाही.

मग खिडकीकडे पाहिलं.
आमच्याच धावपट्टीवर, जिथे मी सकाळी
निरभ्र लिहून सही केली होती,
समुद्राकडून धुकं चढत होतं,
आणि वर लिस्बनचं विमान घिरट्या घालत होतं.